सिग्नल जनरेटरवर लहान स्पीकर चालवताना तो जळू नये म्हणून काय करावे?

प्रयोगवही (धागाकर्ती)

नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. हवेच्या स्तंभातील अनुस्पंदनाचा, म्हणजे वर्गात आपण ज्याला रेझोनन्स म्हणतो त्याचा, प्रयोग आम्ही आजवर नादकाट्यावर करत आलो. नादकाट्याचा नाद काही सेकंदांत ओसरतो, मागच्या बाकापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि नळीतील पाणी खालीवर करणाऱ्या मुलाला प्रत्येक वेळी 'पुन्हा वाजव' असे सांगावे लागते. म्हणून या वर्षी नळीच्या तोंडावर लहान स्पीकर धरून त्याला प्रयोगशाळेतील फंक्शन जनरेटरचा (हव्या त्या वारंवारतेची विद्युत लाट देणाऱ्या उपकरणाचा) साइन सिग्नल द्यावा, असे ठरवले.

स्पीकर २ इंची असून त्याच्या पाठीवर ८ ओहम, ०.५ वॉट असे छापलेले आहे. जनरेटरच्या आउटपुटशेजारी ५० ओहम असे लिहिले आहे आणि पूर्ण अँप्लिट्यूडला तो मोकळ्या टोकांवर २० व्होल्ट पीक-टू-पीक (लाटेच्या तळापासून शिखरापर्यंत) देतो. थेट जोडल्यावर आवाज फारच क्षीण आला, म्हणून मध्ये ५ व्होल्टवर चालणारा तयार अँप्लिफायर बोर्ड घातला. पहिला तास उत्तम झाला. दुसऱ्या तासाला, दुसऱ्या तुकडीसमोर, स्पीकर आधी कर्कश वाजला आणि मिनिटाभरात गप्प झाला. धूर दिसला नाही, पण जवळ गेल्यावर तापलेल्या वॉर्निशसारखा वास येत होता. मल्टिमीटरवर आता तो अनंत रोध दाखवतो.

माझा संशय जनरेटरच्या ऑफसेटच्या, म्हणजे सिग्नलमध्ये स्थिर डीसी व्होल्टेज मिसळणाऱ्या, बटणावर आहे, कारण ते कोणीतरी बाहेर ओढलेले आढळले. नवा स्पीकर जोडण्यापूर्वी नेमके काय चुकले ते मला समजून घ्यायचे आहे. स्पीकर स्वस्त आहे, परंतु मुलांसमोर कारण सांगता आले नाही याची रुखरुख मोठी आहे.

ओहमकट्टा

ताई, आधी अँप्लिफायर बाजूला ठेवून नुसत्या जनरेटरचे गणित करू, म्हणजे कोणत्या गोष्टीला भ्यायचे आणि कोणत्या नाही हे स्पष्ट होईल.

५० ओहम हा जनरेटरच्या पोटात आउटपुटच्या मालिकेत बसवलेला रोध आहे. त्याला ८ ओहमचा स्पीकर जोडला की एकूण ५८ ओहम होतात, आणि २० व्होल्टपैकी स्पीकरच्या वाट्याला २० × ८ ÷ ५८, म्हणजे सुमारे २.७६ व्होल्ट पीक-टू-पीक येतात. आरएमएसमध्ये (शक्तीच्या हिशेबासाठीच्या परिणामी व्होल्टेजमध्ये) हे ०.९८ व्होल्टच्या आसपास आहे आणि शक्ती होते सुमारे ०.१२ वॉट. म्हणजे अँप्लिट्यूडचे बटण शेवटपर्यंत फिरवले तरी साइन सिग्नलवर तुमच्या अर्ध्या वॉटच्या स्पीकरला चौथा हिस्सासुद्धा मिळत नाही. तोच आकडा चौकोनी सिग्नलला दुप्पट होतो, कारण शिखर तेवढेच असले तरी चौकोनी सिग्नल सगळा वेळ शिखरावरच असतो. तरीही तो ०.२४ वॉटच.

डिजिटल जनरेटर असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पडद्यावर दिसणारा व्होल्टेजचा आकडा बहुधा समोर ५० ओहमचा भार आहे असे गृहीत धरून दिलेला असतो. भाराची सेटिंग तशी असताना पडद्यावर ५ व्होल्ट दिसत असतील, तर मोकळ्या टोकांवर प्रत्यक्षात १० व्होल्ट असतात. अँप्लिफायरचा इनपुट रोध हजारो ओहमचा असल्यामुळे त्याला हे दुप्पट व्होल्टेजच पोहोचते.

आता ऑफसेट. समजा तो पूर्ण १० व्होल्टवर होता. कॉइलचा डीसी रोध ७ ओहमच्या जवळ असतो, म्हणून प्रवाह १० ÷ ५७, म्हणजे १७५ मिलिअँप, आणि कॉइलमध्ये उष्णता ०.२१ वॉट. ही उष्णता आवाज न करता होते, म्हणून ती फसवी आहे, आणि पाव वॉटच्या स्पीकरला घातकही ठरू शकते. शिवाय कागदी कोन मधल्या जागेवरून एका बाजूला सरकून बसतो. परंतु अर्ध्या वॉटचा स्पीकर मिनिटभरात जाळण्याएवढी ती नाही. आणि एक विचारतो: थेट जोडल्यावर आवाज क्षीण का आला? १ वॉटला १ मीटरवर ८५ डेसिबल देणारा स्पीकर धरला, तर ०.१२ वॉटवर १ मीटरवर ७६ डेसिबल मिळायला हवेत. तो आवाज वर्गभर ऐकू जातो. तुमच्या जनरेटरवर २० डीबीचे (डेसिबलचे) अॅटेन्युएटर बटण, म्हणजे व्होल्टेज दहापट कमी करणारे बटण, आहे का आणि ते दाबलेले होते का, ते पाहा.

दुरुस्तीचा बाक

वरच्या गणिताशी सहमत आहे. मी ३० वर्षे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त केले आहेत आणि मेलेला स्पीकर टाकून देण्यापूर्वी नेहमी उघडून पाहतो, कारण त्याच्या पोटात कारण लिहिलेले असते.

ताई, स्पीकरच्या मधोमध असलेली गोल घुमटी ब्लेडच्या टोकाने कडेकडेने उचला. आत कागदाच्या किंवा पातळ फिल्मच्या नळकांड्यावर गुंडाळलेली तांब्याची तार दिसेल. मागच्या पट्टीवरून कोनाकडे जाणाऱ्या दोन विणीच्या लवचीक तारा असतात, त्यांचे डागही पाहा. तार लालसर आणि चकचकीत असेल, पण लवचीक तार डागापाशी तुटली असेल, तर कोन फार जोरात हलून ती तुटली आहे. तार चॉकलेटी किंवा काळी पडली असेल, वेढे सैल झाले असतील, तर ती उष्णतेने गेली आहे. काय दिसते ते लिहा. अँप्लिफायर बोर्डावरच्या चिपवर काय छापले आहे, तेही कळवा.

प्रयोगवही

आज मुलांना भोवती बसवून घुमटी उचलली. तार गडद चॉकलेटी झालेली आहे, एका बाजूला जवळजवळ काळी, आणि वरचे दोन वेढे नळकांड्यावरून सुटून चुंबकाच्या फटीत अडकले आहेत. लवचीक तारा मात्र शाबूत आहेत.

चिपवर पीएएम ८४०३ असे आहे. बोर्डाला आवाजाचे बटण नाही आणि तो मोबाइलच्या चार्जरवर चालवला होता.

अॅटेन्युएटरचा अंदाज अचूक निघाला. आमच्या जनरेटरवर −२० डीबी असे बटण आहे. पहिल्या दिवशी ते दाबलेले होते, याची नोंद माझ्या वहीत आकृतीसकट आहे. आज ते सुटलेले आढळले. अँप्लिट्यूडच्या खुंटीची जागा मी पेन्सिलने खूण करून ठेवली होती आणि ती हललेली नाही. अॅटेन्युएटर सोडल्यावर त्या जागी सीआरओवर (सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणाऱ्या उपकरणावर) ३ व्होल्ट पीक-टू-पीक दिसतात.

दुरुस्तीचा बाक

मग कारण सापडले. ऑफसेट निर्दोष आहे, कारण या बोर्डाच्या इनपुटला कपॅसिटर असतो आणि डीसी तिथेच अडतो.

या चिपचे प्रवर्धन जास्तीत जास्त २४ डीबी, म्हणजे जवळजवळ १६ पट असते. पहिल्या तासाला अॅटेन्युएटर दाबलेला होता, म्हणजे बोर्डाला ०.३ व्होल्ट पीक-टू-पीक मिळत होते. त्याचे आउटपुटला पावणेपाच व्होल्ट पीक-टू-पीक झाले, आरएमएस सुमारे १.७ व्होल्ट, आणि स्पीकरला ०.३५ वॉट मिळाले. अर्ध्या वॉटच्या आत, म्हणून तो तास उत्तम गेला. दुसऱ्या तासाला बटण सुटले आणि इनपुट दहापट झाले. १६ पटींनी त्याचे ४७ व्होल्ट व्हायला हवेत, पण ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर ते शक्य नाही. ही चिप स्पीकरची दोन्ही टोके उलटसुलट हलवते, त्यामुळे स्पीकरवर जास्तीत जास्त अधिक ५ ते उणे ५ व्होल्ट येऊ शकतात. साइन लाटेचे शेंडे छाटले गेले आणि उरला तो जवळपास चौकोनी सिग्नल. तुम्ही ऐकलेला कर्कशपणा तोच आहे. ५ व्होल्टच्या चौकोनी सिग्नलची ८ ओहमवरची शक्ती २५ ÷ ८, म्हणजे ३.१ वॉट. चिपमधील घट वजा केली तरी स्पीकरच्या क्षमतेच्या पाचपट उरते. अर्ध्या वॉटची कॉइल एवढ्या शक्तीवर मिनिटभर टिकली, यात त्या स्पीकरचे कौतुकच आहे.

आता उपाय सांगतो. कोणाचा हात कोणत्या बटणाला लागेल हे वर्गात कधीच सांगता येत नाही, म्हणून सगळी बटणे चुकीच्या जागी असतानाही स्पीकर वाचेल अशी जोडणी करायची. स्पीकरच्या एका तारेत मालिकेत १५ ओहम, २ वॉटचा रेझिस्टर घाला. मग बोर्ड पूर्ण छाटलेला ५ व्होल्टचा सिग्नल देत असला, तरी प्रवाह ५ ÷ २३, म्हणजे ०.२२ अँपिअरच्या आत राहतो आणि स्पीकरला ०.३८ वॉटपेक्षा जास्त मिळत नाही. रेझिस्टरमध्ये ०.७ वॉट जळतात, म्हणून पाव वॉटचा बारीक रेझिस्टर इथे चालणार नाही. २ वॉटचा रेझिस्टर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो, आणि सातारा–कराडकडच्या दुरुस्तीच्या दुकानांतही मिळेल.

मायक्रोफॅरड

पीएएम ८४०३चा विषय निघाला आहे म्हणून एक सावधगिरी, कारण ताई सीआरओ वापरणार आहेत. या चिपचे स्पीकरकडे जाणारे कोणतेही टोक ग्राउंड नाही. दोन्ही टोके जिवंत आहेत. सीआरओच्या प्रोबची ग्राउंड क्लिप आतून मेन्सच्या अर्थिंगला जोडलेली असते आणि तीन पिनांच्या बहुतेक जनरेटरचे ग्राउंडही तिथेच जाते. स्पीकरच्या 'उणे' टोकाला ती क्लिप लावली, तर जनरेटरच्या ग्राउंडमार्गे चिपचे आउटपुट सरळ शॉर्ट होते. मी शिकत असताना असा बोर्ड घालवला आहे. मोबाइलच्या चार्जरवर चालते म्हणजे सगळे वेगळे आहे, या समजुतीत होतो. स्पीकरवरचा सिग्नल पाहायचाच असेल तर दोन चॅनेलचे दोन प्रोब दोन टोकांना लावा, दोन्ही क्लिपा बोर्डाच्या ग्राउंडला लावा आणि सीआरओवर एकातून दुसरा वजा करा. ही चिप क्लास-डी, म्हणजे आउटपुट वेगाने चालू-बंद करून चालणारी, असल्यामुळे लाटेवर काही शे किलोहर्ट्झची दाट खरखर दिसेल, ती बिघाड नव्हे.

एलएम ३८६ ही दुसरी अँप्लिफायर चिप वापरणाऱ्यांसाठी निराळी गोष्ट. त्याचे आउटपुट पुरवठ्याच्या निम्म्या व्होल्टेजवर बसते. ९ व्होल्टच्या बॅटरीवर ते साडेचार व्होल्ट झाले. आउटपुटचा २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर कोणी 'आवाज बारीक येतो' म्हणून काढून टाकला, तर ते साडेचार व्होल्ट सरळ कॉइलवर येतात. तो कपॅसिटर काढू नये.

कोयनाकाठ

अँप्लिफायर नको असेल आणि ऑफसेटचीही भीती नको असेल, तर जनरेटर आणि स्पीकर यांच्यामध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घातला तर चालेल का? आणि त्याच्या अधिक-उणेचे काय करायचे?

ओहमकट्टा

चालेल. एकूण रोध ५८ ओहम असल्याने १०० मायक्रोफॅरडला कटऑफ (ज्याखालचे स्वर कपॅसिटर अडवतो ती वारंवारता) २७ हर्ट्झच्या आसपास येतो, आणि २ इंची स्पीकर त्या पट्ट्यात काहीच वाजवत नाही. मात्र जनरेटरचा ऑफसेट अधिकही असू शकतो आणि उणेही, म्हणून अधिक-उणे ठरलेला साधा इलेक्ट्रोलायटिक न वापरता दोन्ही दिशांनी चालणारा बायपोलर वापरावा. तो न मिळाल्यास २२० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचे दोन साधे कपॅसिटर उणे टोकाला उणे टोक जोडून मालिकेत लावावेत, म्हणजे ११० मायक्रोफॅरडचा बायपोलर तयार होतो.

आता माझ्याच पहिल्या प्रतिसादात एक दुरुस्ती करतो, कारण तिथे मी ८ ओहम हा आकडा सर्व वारंवारतांना सारखा धरला होता आणि तसे नसते. स्पीकरचे स्वतःचेही अनुस्पंदन असते. कोनाचे वस्तुमान आणि त्याच्या कडांचा ताठरपणा मिळून तो ज्या वारंवारतेला सर्वांत सहज डोलतो, तिथे त्याचा रोध एकदम वर चढतो. २ इंची स्पीकरला ही वारंवारता बहुधा ३०० ते ५०० हर्ट्झच्या दरम्यान असते. समजा तिथे रोध ३० ओहम झाला. पूर्ण अँप्लिट्यूडला स्पीकरवर २० × ३० ÷ ८०, म्हणजे साडेसात व्होल्ट पीक-टू-पीक येतात आणि शक्ती होते ०.२३ वॉट, म्हणजे ८ ओहमच्या हिशेबाच्या जवळजवळ दुप्पट. भार जनरेटरच्या ५० ओहमच्या जितका जवळ जाईल, तितकी जास्त शक्ती त्याला मिळते, हा आपल्या पाठ्यपुस्तकातला महत्तम शक्तीचा नियमच इथे काम करतो. तुमच्या अर्ध्या वॉटच्या स्पीकरला यात धोका नाही, पण हेडफोनमधून काढलेल्या किंवा पाव वॉटच्या स्पीकरला आहे. चांगल्या अँप्लिफायरचा आउटपुट रोध अगदी कमी असतो आणि तो कोनाचे डोलणे आवरून धरतो. ५० ओहमचा जनरेटर ते आवरू शकत नाही. म्हणून वारंवारता फिरवत नेताना त्या एका जागी स्पीकर एकदम भडकल्यासारखा वाजतो.

ही जागा आधी शोधून ठेवता येते. जनरेटरला काही न जोडता सीआरओवर ६ व्होल्ट पीक-टू-पीक लावा. मग स्पीकर थेट जोडा, अँप्लिफायर नको, आणि त्याच्याच टोकांवर सीआरओ ठेवून १०० हर्ट्झपासून सावकाश वर जा. व्होल्टेज जिथे सर्वांत जास्त दिसेल ती स्पीकरची वारंवारता. तिथला रोध म्हणजे ५० × स्पीकरवरचे व्होल्टेज ÷ उरलेले व्होल्टेज.

कोयनाकाठ

हे मल्टिमीटरवर पाहता येईल का? आमच्या शाळेत सीआरओ नाही.

दुरुस्तीचा बाक

बाजारातल्या स्वस्त पिवळ्या मल्टिमीटरवर नको. त्यांपैकी बऱ्याच मीटरना एसीचे २०० आणि ७५० असे दोनच पट्टे असतात. २००च्या पट्ट्यावर एक व्होल्टाच्या खालचे वाचन म्हणजे शेवटच्या एक-दोन अंकांचा खेळ. शिवाय ते ५० हर्ट्झच्या मेन्ससाठी बनवलेले असतात, काहीशे हर्ट्झच्या पलीकडे त्यांचे वाचन घसरत जाते. मल्टिमीटर २ व्होल्ट एसीचा पट्टा असलेला आणि १ किलोहर्ट्झपर्यंत खात्रीचा असेल तरच वापरा.

नादब्रह्म

मी वाद्यांच्या दुरुस्तीसाठी एक्सआर २२०६ या चिपवर चालणाऱ्या सिग्नल जनरेटरचे जोडणी-किट घेतले आहे. त्याला थेट स्पीकर लावला तर कान लावूनच ऐकू येते. किट बिघडले आहे का?

मायक्रोफॅरड

बिघडलेले नाही. त्या चिपचा आउटपुट रोध ६०० ओहमच्या आसपास आहे. ३ व्होल्ट पीक-टू-पीक दिले तरी ८ ओहमवर ३ × ८ ÷ ६०८, म्हणजे ४० मिलिव्होल्टही उरत नाहीत. त्याला मध्ये अँप्लिफायर लागतोच. एडी ९८३३ या सिग्नल तयार करणाऱ्या चिपच्या लहान मोड्यूलचेही तसेच आहे: त्याचा सिग्नल ०.६ व्होल्टच्या आसपास असतो आणि तो शून्याभोवती न फिरता पूर्णपणे अधिक बाजूला असतो, म्हणून त्याच्यापुढे कपॅसिटर आणि अँप्लिफायर दोन्ही हवेत.

शांत_कान

स्पीकर वाचवण्याची चर्चा उत्तम चालली आहे, पण नळीच्या तोंडाशी कान नेणाऱ्या मुलांचाही विचार व्हावा, अशी विनंती करते. मी श्रवणतपासणीच्या क्षेत्रात काम करते.

वर १ मीटरवर ७६ डेसिबल असा हिशेब आला आहे. अंतर १ मीटरवरून १० सेंटिमीटरवर आले की त्यात २० डेसिबलची भर पडते, म्हणजे ९६ डेसिबल. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेच्या निऑश या संस्थेची शिफारस ८ तासांना ८५ डेसिबलची आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ९७ डेसिबलला अर्धा तास. प्रयोगात कोणी एवढा वेळ कान लावत नाही हे खरे आहे, तरीही शुद्ध स्वर गाण्यासारखा चढउतार करत नाही, तो सतत त्याच जागी आघात करतो.

नेहमी दिसणारी चूक अशी: शिक्षक ५० हर्ट्झपासून सुरुवात करतात, लहान स्पीकरवर काहीच ऐकू येत नाही म्हणून अँप्लिट्यूड वाढवतात, आणि मग वारंवारता वर नेतात. २ ते ४ किलोहर्ट्झला आपला कान सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत अँप्लिट्यूड तसाच वर राहिलेला असतो. वारंवारतेचा पट्टा बदलण्यापूर्वी अँप्लिट्यूड शून्यावर आणावा आणि मग हळूहळू वाढवावा. १५–१६ किलोहर्ट्झच्या वर मोठ्यांना ऐकू येत नाही, म्हणून स्पीकर बंद आहे असे समजू नये. मुलांना तो स्वर ऐकू येत असतो आणि कॉइलही तापतच असते.

प्रयोगवही

सर्वांचे मनापासून आभार. शांत_कान ताईंनी सांगितलेली चूक माझ्याकडून पहिल्या दिवशी तंतोतंत झाली होती, म्हणून तो परिच्छेद मी प्रयोगशाळेच्या फळ्यावर उतरवून ठेवला आहे.

अँप्लिफायर पूर्णच काढून टाकला. अॅटेन्युएटर सोडून, मध्ये दोन २२० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर पाठीला पाठ लावून, नवा स्पीकर थेट जनरेटरवर जोडला. पाव अँप्लिट्यूडलाच आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. जोडण्यापूर्वी स्पीकरचे अनुस्पंदन शोधले. मोकळ्या ६ व्होल्टला ३४० हर्ट्झवर स्पीकरवर २.२५ व्होल्ट आले, म्हणजे ५० × २.२५ ÷ ३.७५, बरोबर ३० ओहम. १ किलोहर्ट्झला ०.८४ व्होल्ट आले, म्हणजे ८ ओहम. पाठीवर छापलेला आकडा आणि वहीतला आकडा जुळल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते नादकाट्याने मला कधी दाखवले नव्हते.

३४० ही जागा टाळून ५१२ हर्ट्झवर प्रयोग केला. खोलीचे तापमान २६ अंश होते. पहिले अनुस्पंदन १६.२ सेंटिमीटरवर आणि दुसरे ५०.० सेंटिमीटरवर मिळाले. फरक ३३.८ सेंटिमीटर, त्यावरून ध्वनीचा वेग ३४६ मीटर प्रतिसेकंद. २६ अंशांना तो ३४७ यायला हवा. स्वर अखंड चालू असल्यामुळे पाणी हवे तेवढे सावकाश खाली आणता आले, आणि दोन तुकड्यांच्या वाचनांत २ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक पडला नाही.

१५ ओहमचा रेझिस्टरही आणून ठेवला आहे. पुढच्या महिन्यात दोन स्पीकरवर विस्पंदे (जवळच्या दोन वारंवारता मिळून होणारा आवाजाचा चढउतार) ऐकवायची आहेत. दुसरा जनरेटर जुना असून त्याचा आवाज कमी पडतो, तेव्हा बोर्ड पुन्हा लागेल. जळालेली कॉइल घुमटीसह पारदर्शक डबीत ठेवून त्या बोर्डाशेजारीच मांडली आहे.